एक ओळ म्हणजे काय?

नानांच्या लाकडी कपाटात फवारणीच्या एकतीस डायऱ्या आहेत. पहिली १९८९ ची, शेवटची २०१९ ची. नवीन वर्षाला कृषी सेवा केंद्रवाले गिऱ्हाइकांना देतात तसल्या, रेक्झिनच्या कव्हराच्या. कव्हरांचे रंग उडालेत, काहींच्या पानांना अजून गंधकाचा वास येतो. नाना म्हणजे माझे सासरे. पिंपळगाव बसवंतपासून थोडं आत आमची द्राक्षबाग आहे. ती नाना आणि माझे दीर बघतात. मुलांच्या शाळा आणि माझी नोकरी यामुळे आम्ही नाशिकला गंगापूर रोडला राहतो. शनिवारी दुपारी आडगाव, दहावा मैल, ओझर करत गावी जायचं आणि रविवारी रात्री परतायचं, असं गेली कित्येक वर्षं चाललंय. या डायऱ्यांचा डेटाबेस, म्हणजे हवा तो प्रश्न विचारता येईल अशी मांडलेली माहिती, मी कशी केली ते इथे लिहितेय. ते सगळं त्या शनिवार-रविवारांत घडलेलं आहे.

डायरीतली एक नोंद अशी असते: "१२ नोव्हें. विहिरीवरचा. दिवस ४१. स. एम-४५ ५०० ग्रॅम. ढग आहे." द्राक्षवाल्या घरात वाढलेल्या माणसाला यात सगळं कळतं. ऑक्टोबर छाटणीला एक्केचाळीस दिवस झाले, विहिरीवरच्या प्लॉटवर सकाळी फवारलं, दोनशे लिटर पाण्याला पाचशे ग्रॅम घेतलं, आभाळ आल्यामुळे डाऊनी या बुरशीरोगाची भीती होती. चार शब्दांत इतकं. नानांचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण एकतीस वर्षांत त्यांनी एकही फवारणी लिहायची सोडलेली नाही. माझ्या दृष्टीने या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू ते कपाट आहे.

आणि तरीही एका फेब्रुवारीत त्या कपाटासमोर आम्ही हतबल बसलो होतो.

निर्यातीसाठी माल काढायच्या आधी मण्यांचं सॅम्पल रेसिड्यू, म्हणजे औषधांचा उरलेला अंश, तपासायला जातं. आमच्या एका प्लॉटच्या रिपोर्टमध्ये एका बुरशीनाशकाचा अंश चालतो त्यापेक्षा जास्त आला. त्या घटकाचं नाव वाचून भाऊजी म्हणाले, "वहिनी, हे आपण मारलंच नाही." नानाही तेच म्हणाले. डायरी काढली. एकाच हंगामासाठी दोन डायऱ्या काढाव्या लागल्या, कारण डायरी जानेवारीत सुरू होते आणि हंगाम ऑक्टोबरमध्ये. दोन रात्री आम्ही तिघं पान पान बघत होतो. ते नाव कुठेच नव्हतं. तिसऱ्या दिवशी गोठ्यामागे पडलेला एक रिकामा पुडा भाऊजींना सापडला. पुढच्या बाजूला कंपनीने दिलेलं मोठं नाव, तेच आमच्या डायरीत होतं. मागे बारीक अक्षरात दोन घटक, आणि त्यातला दुसरा म्हणजे रिपोर्टमधला. औषध जोडघटकाचं होतं. आम्ही ते मारलं होतं, लिहिलंही होतं, फक्त वेगळ्या नावाने. त्या प्लॉटचा माल लोकल बाजारात गेला. भावातला फरक इथे लिहीत नाही, द्राक्षवाल्यांना तो माहीत आहे.

मला त्या पैशापेक्षा दुसरीच गोष्ट लागून राहिली. उत्तर आमच्याच घरात होतं, नानांच्याच अक्षरात होतं, आणि आम्ही ते विचारू शकलो नव्हतो.

आधी मी तेच केलं जे कोणीही करतं. एक्सेल उघडलं. तारीख, प्लॉट, औषध, प्रमाण असे चार रकाने केले आणि त्या वर्षीची डायरी भरायला बसले. दुसऱ्याच पानावर अडले, कारण एका फवारणीत दोन औषधं होती. मग "औषध १" आणि "औषध २" असे रकाने केले. पुढे तीन निघाली, रकाना वाढवला. एका ठिकाणी बुरशीनाशक, कीटकनाशक, बोरॉन आणि औषध पानाला चिकटवणारं स्टिकर अशी चार निघाली. आता एखादं औषध कधी कधी मारलं हे शोधायचं तर चारही रकान्यांत शोधायचं, आणि त्याचं प्रमाण त्याच्या शेजारच्या रकान्यात आहे की दोन घरं पलीकडे, हे दर वेळी डोळ्यांनी बघायचं. एक्सेल वाईट नाही. आमच्या मजुरीचा हिशोब आजही त्यात आहे आणि तिथे ते छान चालतं. पण इथे मी डायरीची झेरॉक्स काढत होते, फक्त काचेवर.

तेव्हा मला १९९६ साल आठवलं. बारावीनंतरच्या सुट्टीत मी नाशिकमध्ये एका कॉम्प्युटर क्लासला जायचे. चप्पल बाहेर काढून आत जायचं, एसीत बसायचं, काळ्या पडद्यावर डीबेस थ्री प्लस हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर सुरू व्हायचं आणि खाली एक टिंब यायचं. त्याला डॉट प्रॉम्प्ट म्हणत. त्या टिंबापुढे आम्ही पाठ केलेले शब्द टाकायचो: यूज, अपेंड, लिस्ट, ब्राउझ. विद्यार्थ्यांची नावं आणि मार्क भरायचो, टक्के काढायचो. मला परीक्षेत चांगले गुण मिळाले. पण त्या तीन महिन्यांत कोणी एकदाही सांगितलं नाही की टेबल करण्याआधी काय विचार करायचा. रकाने सरांनी फळ्यावर लिहून दिलेले असायचे.

पुढे कधीतरी वाचलं की या डीबेसचं मूळ वेन रॅटलिफ नावाच्या एका इंजिनियरने घरी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये आहे. अमेरिकेतल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत तो काम करायचा, ऑफिसात फुटबॉलच्या निकालांवर पैजा लागायच्या, आणि त्या जिंकायला संघांची जुनी माहिती चाळता यावी म्हणून सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्याने घरच्या कॉम्प्युटरवर हे काम सुरू केलं. नाव ठेवलं व्हल्कन. तेच पुढे डीबेस टू होऊन विकलं गेलं. मला ही गोष्ट फार आवडते. त्याच्याकडे आधी प्रश्न होता आणि प्रश्नासाठी त्याने टेबल केलं. क्लासमध्ये आमच्याकडे टेबल होतं, प्रश्न कोणाकडेच नव्हता.

आता माझ्याकडे प्रश्न होता.

सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं यावर मी फार दिवस घालवले नाहीत. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस १९९२ पासून आहे आणि चांगलं आहे, पण ते फक्त विंडोजवर चालतं आणि विकत घ्यावं लागतं. आमच्या जुन्या लॅपटॉपवर लिबरऑफिस आधीपासून होतं, त्यातच बेस नावाचा भाग आहे, फुकट. तो उघडला तर पहिल्यांदा त्याने जावा नावाचं आणखी एक सॉफ्टवेअर मागितलं. बेसच्या आत जे डेटाबेस इंजिन येतं त्याचं नाव एचएसक्यूएलडीबी, आणि ते जावावर चालतं. जावा टाकलं, फाइलला नाव दिलं, डाव्या बाजूला चार गोष्टी दिसल्या: टेबल, क्वेरी, फॉर्म, रिपोर्ट. ॲक्सेसमध्येही हेच चार शब्द भेटतात. टेबलात माहिती राहते, क्वेरी म्हणजे तिला विचारलेला प्रश्न, फॉर्म म्हणजे भरायचा अर्ज, रिपोर्ट म्हणजे छापायचा कागद. इतकं कळलं की कोणतंही सॉफ्टवेअर परकं वाटत नाही.

पहिलं टेबल केलं तेव्हा साठवताना त्याने विचारलं, या टेबलाला "प्रायमरी की" दिलेली नाही, करू का? मला कळलं नाही म्हणून "नको" म्हटलं. टेबल उघडलं तर त्यात भरायला रिकामी ओळच येईना. अर्धी रात्र त्यात गेली. प्रत्येक ओळीला तिची अशी एक खूण लागते, जी दुसऱ्या कुठल्याही ओळीला नसते. ती नसेल तर बेस त्या टेबलात काही भरूच देत नाही, कारण उद्या तुम्ही "ती ओळ बदल" म्हणालात तर कोणती, हे त्याला सांगता येणार नाही. एक पूर्णांकाचा रकाना ठेवायचा, त्याला प्रायमरी की करायचं आणि आपोआप वाढणारा आकडा लावून द्यायचा. हे सुरुवातीला एकदा समजून घेतलं की बाकीचं मेनूमध्ये सापडत जातं.

पण खरा अडथळा मेनूत नव्हता. तो रविवारी सकाळी ओट्यावर सुटला.

नाना चहा घेत बसले होते. मी कोऱ्या कागदावर रकाने आखत होते आणि खोडत होते. शेवटी विचारलं, "नाना, एक नोंद म्हणजे काय धरू? एका दिवसाची एक धरू का?"

"दिवसाची कशी धरशील बाई? सकाळी डाऊनीचं मारलं, संध्याकाळी मणी फुगवायला जीए दिलं. ते एक कसं होईल?"

"मग एका प्लॉटची एक?"

"विहिरीवरचा आन् ओढ्याकडचा कधी कधी एकातच होतो." त्यांनी बशी खाली ठेवली. "टाकी धर. टाकीत जे कालवलं ते एक. तेच औषध परत भरून मारलं तरी ती एकच टाकी. काही बदललं की दुसरी."

मी डायरी उघडून बघितली. नोंदींच्या मध्ये नाना एक आडवी रेघ मारतात. ती मी शेकडो वेळा पाहिली होती आणि दिवस संपला म्हणून मारतात असं धरून चालले होते. नीट पाहिलं तर कुठे एका तारखेत दोन रेघा होत्या, कुठे दोन प्लॉट एकाच रेघेच्या वर होते. ती रेघ टाकी संपल्याची होती. एकतीस वर्षं नानांनी एक ओळ म्हणजे काय हे ठरवून ठेवलेलं होतं आणि एकदाही त्यात चूक केली नव्हती. मी एक्सेलमध्ये डायरी उतरवताना नेमकी ती रेघच टाकून दिली होती.

डेटाबेस शिकू बघणाऱ्या कोणालाही मी आता एवढं एकच सांगते: कॉम्प्युटर उघडू नका, कागद घ्या, आणि जो माणूस ते काम हाताने करतो त्याच्याजवळ बसून विचारा की एक म्हणजे काय. दवाखान्यात एक ओळ म्हणजे पेशंट की पेशंटची एक भेट? किराणा दुकानात एक ओळ म्हणजे बिल की बिलातली एक वस्तू? उत्तर माहीत असल्यासारखं वाटतं, पण विचारल्याशिवाय ते हाती लागत नाही.

टाकी ठरली आणि बाकीचं आपोआप उलगडत गेलं. टाकीचं एक टेबल: क्रमांक, तारीख, सकाळ की संध्याकाळ, पाणी किती. औषधांचं दुसरं टेबल. एका टाकीत अनेक औषधं आणि एक औषध अनेक टाक्यांत, म्हणून दोघांच्या मध्ये एक तिसरं टेबल, ज्याच्या एका ओळीत फक्त एवढंच: कोणती टाकी, कोणतं औषध, किती प्रमाण. चार औषधांची टाकी असेल तर तिथे चार ओळी. दहा असतील तर दहा. "औषध ५" असा रकाना आता कधीच लागणार नव्हता. हे मधलं टेबल पहिल्यांदा नीट चाललं त्या रात्री मला झोप आली नाही. इंग्रजी पुस्तकांत याला जंक्शन टेबल म्हणतात. आमच्याकडे त्याचं नाव "कालवण" आहे, आणि नानांना ते पटलेलं आहे.

मग त्या पुड्याचा विषय. औषधाचं बाजारातलं नाव एक आणि आतला घटक वेगळा, शिवाय एका औषधात दोन घटक. मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेब एकत्र येतात, सायमोक्झॅनिल आणि मॅन्कोझेब एकत्र येतात. तोच मॅन्कोझेब एकटाही येतो, त्यालाच सगळे एम-४५ म्हणतात. म्हणजे घटकांचं वेगळं टेबल हवं आणि औषध व घटक यांच्या मध्ये पुन्हा एक जोडटेबल. घटकापुढे काढणीआधी किती दिवस तो थांबवायचा याचा आकडा. हे आकडे पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र देतं, निर्यातवाले शेतकरी ती यादी परिशिष्ट ५ म्हणून ओळखतात. यादी बदलली की घटकाच्या एका ओळीतला एक आकडा बदलायचा. तो घटक ज्या ज्या औषधात आहे तिथे तो आपोआप लागू. पूर्वी नाना हाच आकडा डायरीत जिथे जिथे औषध आलं तिथे कंसात लिहायचे, आणि जुन्या डायऱ्यांत तो जुना राहायचा.

एक गोष्ट एकाच जागी लिहायची, बाकीच्यांनी तिच्याकडे बोट दाखवायचं. या विचारामागे एक माणूस आहे, एडगर कॉड. मूळचा इंग्लंडचा, गणिताचा माणूस, आयबीएम या कॉम्प्युटर कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत होता. १९७० साली त्याने एक लेख लिहिला आणि माहिती टेबलांत ठेवून रकान्यांतल्या सारख्या मूल्यांच्या आधाराने जोडायची कल्पना मांडली. त्याआधी मोठे डेटाबेस झाडासारखे असत. आयबीएमचं तसलं एक सॉफ्टवेअर अपोलो यानाच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवायला तयार झालं होतं. त्या झाडात वरून खाली ठरलेल्या वाटेनेच जाता येई. वाट जशी आखली तसेच प्रश्न सोपे, बाकीचे कठीण. कॉडचं म्हणणं होतं की विचारणाऱ्याला आतली वाट ठाऊक असायची गरजच असू नये. त्याच प्रयोगशाळेतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये असे प्रश्न विचारायची भाषा मांडली, आज तिला एसक्यूएल म्हणतात.

हे वाचताना मला आमचं कपाटच दिसत होतं. नानांची डायरी तारखेच्या वाटेने उघडते. "मागच्या वर्षी आजच्या दिवशी काय मारलं" हे विचारा, अर्ध्या मिनिटात उत्तर. "हा घटक या बागेत शेवटचा कधी गेला" हे विचारा, दोन रात्री. लिहिणाऱ्याने काही कमी केलेलं नव्हतं, वाट एकच होती.

चुका माझ्याही झाल्या, त्यातली एक सांगण्यासारखी आहे. छाटणीची तारीख मी प्लॉटच्या टेबलात ठेवली होती. प्लॉट विहिरीवरचा, वेल थॉम्पसन, छाटणी २ ऑक्टोबर. "दिवस ४१" हा आकडा भरायचा नाही, तो टाकीच्या तारखेतून छाटणीची तारीख वजा करून क्वेरीतच काढायचा, एवढं मला समजलं होतं आणि त्याचा आनंदही होता. पुढच्या ऑक्टोबरात नवीन छाटणी झाली, मी तारीख बदलली, आणि मागच्या हंगामातल्या सगळ्या टाक्यांचे दिवस उणे झाले. उणे तीनशे चोवीस दिवसांची बाग! छाटणी प्लॉटची नसते, प्लॉटच्या एका हंगामाची असते. मग हंगामाचं टेबल झालं, टाक्या हंगामाला जोडल्या गेल्या, आणि जानेवारीत डायरी बदलल्याने हंगामाचे जे दोन तुकडे पडायचे तेही सांधले गेले.

दुसरं दुःख विजेचं. बेसच्या आतल्या इंजिनात ओळ भरली की ती भरलेली दिसते, पण फाइल साठवेपर्यंत ती खरी फाइलमध्ये उतरलेली नसते. ॲक्सेसमध्ये एका ओळीवरून दुसरीवर गेलं की पहिली तिथल्या तिथे लिहिली जाते, इथे तसं नाही. गावाला लाइट गेली, बॅटरी जुनी, २००३ सालची अर्धी डायरी भरलेली होती, गेली. नाना शेजारी बसून वाचून दाखवत होते, त्यांच्या डोळ्यांना आधीच त्रास. ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसून पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला लागले. तेव्हापासून दर दहा ओळींनी कंट्रोल एस, आणि रविवारी निघताना फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर, एक नाशिकच्या घरी.

आणि आपल्या लिपीबद्दल थोडं, कारण मराठीत हे काम करणाऱ्याला ते अडणारच. आमच्या एका प्लॉटचं नाव "दऱ्याकडचा". क्वेरीत तो दोनदा यायचा, दोन वेगळ्या ओळींत, अक्षर न् अक्षर सारखं. पुष्कळ दिवसांनी उलगडलं. "ऱ्य" दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात मुळातच खाली टिंब असलेला वेगळा "ऱ" असतो, दुसऱ्यात साधा "र" आणि मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह. माझ्या लॅपटॉपवर एक तऱ्हा, पुतणीच्या मोबाइलवर दुसरी. डोळ्याला एकच, बेसला दोन. मॅन्कोझेब, मँकोझेब, म्यान्कोझेब हा तर घरोघरचा प्रकार. उपाय एकच: नावं एकदाच, एकाच जागी, एकाच हाताने लिहायची आणि फॉर्मवर यादीतून निवडायची. यादीत नाव दिसतं, टेबलात जातो त्याचा क्रमांक.

टेबलांमध्ये नातं जोडलं की सॉफ्टवेअर यादीत नसलेलं औषध भरूच देत नाही. भाऊजी सुरुवातीला वैतागले. "वहिनी, हे काय करू राहिलं तुमचं मशीन? औषध मारून झालंय आन् हे घेईना." कारण ते औषध नवीन होतं, त्याचा पुडा वाचून घटक कोणीच भरले नव्हते. आता ते दुकानातच पुडा उलटा करून मागची बाजू वाचतात आणि फोटो पाठवतात, फवारायच्या आधी.

काय लिहायचं हे यादी ठरवते, म्हणून यादी करताना घाबरायला हवं. २०१० चा हंगाम नाशिककडे कोणी विसरलेलं नाही. युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं आणि माल अडकला. वेलीची वाढ आवरायला ते संजीवक वर्षानुवर्षं वापरात होतं, पण ज्या घटकांची तपासणी व्हायची त्या यादीत त्याचं नाव नव्हतं. निर्यातीच्या बागा नोंदवायची ग्रेपनेट ही यंत्रणा २००६ पासून उभी होती, प्रत्येक प्लॉटला क्रमांक होता, प्रयोगशाळा होत्या. तरी जे विचारलंच नव्हतं ते कळलं नाही. माझ्या पहिल्या औषधांच्या टेबलात मी बुरशीनाशकं आणि कीटकनाशकं एवढेच प्रकार ठेवले होते. नानांनी ऐकलं आणि म्हणाले, "संजीवकं पण घे. खतं पण घे. टाकीत जे जे पडलं ते." आमच्याकडे २००९-१० च्या हंगामाच्या डायऱ्यांत ते लिहिलेलं आहे. त्यांनी कधी ठरवलंच नव्हतं की काय लिहिण्यासारखं नाही.

सगळ्या डायऱ्या भरायला तीन वर्षं लागली. आता तो फेब्रुवारीचा प्रश्न चार टेबलं जोडून विचारता येतो: हा घटक, या हंगामात, कोणत्या टाकीत, काढणीच्या किती दिवस आधी. उत्तर यायला डोळ्याचं पातं लवायला लागतं तेवढा वेळही लागत नाही. काढणीची तारीख ठरली की भाऊजी दुसरी एक क्वेरी चालवतात. कुठल्या घटकाचे दिवस अजून भरले नाहीत एवढंच ती दाखवते. रिकामी आली की माल काढायचा.

पण मला आवडतात ते नानांचे प्रश्न. पहिल्यांदा त्यांना काही विचारायचं सुचेना. मग एकदा म्हणाले, "फयानच्या साली डाऊनीला किती टाक्या गेल्या बघ." नोव्हेंबर २००९ मध्ये ते वादळ आलं, बागा फुलोऱ्यात होत्या आणि पाऊस थांबेना. मी मॅन्कोझेबपासून सुरू करून डाऊनीवरचे सगळे घटक निवडले, त्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या टाक्या मोजल्या, आणि शेजारी आधीच्या वर्षीचे तेच दोन महिने ठेवले. दुपटीहून जास्त. नाना बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिले. "इतक्या?" म्हणाले. "तेव्हा मोजायला सवडच नव्हती."

गेल्या महिन्यात शेवटचा गठ्ठा हातावेगळा करताना एका डिसेंबरातलं एक पान समोर आलं. निफाड तालुक्यातली थंडी महाराष्ट्राच्या बातम्यांत येते, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा छापून येतो, तसल्या दिवसांतलं. पानावर लिहिलं होतं: "आज टाकी नाही. पहाटे ३ ला ठिबक सोडलं. शेकोट्या पेटवल्या. मणी वाचले वाटतं. भाऊ सोबत होता." हा भाऊ म्हणजे नानांचा धाकटा भाऊ, आता नाही. खाली आडवी रेघ.

माझ्या एकाही टेबलात याला जागा नव्हती. टाकी नाही, औषध नाही, प्रमाण नाही. मी वाचून दाखवलं आणि विचारलं, हे कुठे भरू?

"तारीख आहे ना?"

"आहे."

"प्लॉट?"

"लिहिलेला नाही."

"विहिरीवरचा होता," नाना म्हणाले.

मी "नोंद" नावाचं टेबल केलं. क्रमांक, तारीख, हंगाम आणि एक मोठा मजकुराचा रकाना. नाना सांगत गेले तसं शब्दाला शब्द उतरवलं आणि कंट्रोल एस दाबलं. मग त्यांनी पहिली, १९८९ ची डायरी पुढे सरकवली. "यात पण असतील," म्हणाले, "आपण सोडून दिलेल्या. पहिल्या पानापासून बघ."